काचेचं डावं टोक

नवऱ्याचं वागणं तिला उभ्या आयुष्यात फारसं कधी पसंत पडलं नव्हतं, पण हे मात्र अतीच झालं होतं. चौतीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाच्या तोंडून एक शब्द काढायचा म्हणजे खोल विहिरीतून भरली घागर ओढायची, तो माणूस मेल्यावर पाच महिन्यांनी बोलायला लागला होता. तोही कुणाशी, तर मुलाशी. चौतीस वर्षं जिने त्याच्या घुमेपणाला तोंड दिलं, चार माणसांत त्याच्या वाटणीचंसुद्धा बोलून घेतलं, त्या बायकोला एक अक्षर नाही. आणि पोराशी रोज, भर रस्त्यात, मोटरसायकलवर.

"गप्पा नाही गं मारत ते, आई," मुलगा म्हणाला. "एकच म्हणतात. अजून थोडं. एवढंच."

"एवढं तरी म्हणतात ना. मला तर लग्नातसुद्धा तेवढं नव्हतं मिळालं."

सून तोंडाला पदर लावून हसली. मुलगा हसला नाही. तो हसला नाही हे तिने पाहिलं आणि हातातली कानस खाली ठेवली.

त्यांचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबोडकी खोली. एका अंगाला टायरवाला, दुसऱ्या अंगाला वेल्डिंगवाला, मधे हे. इथे मोटरसायकलच्या पुढच्या काचा बनायच्या, म्हणून सगळा रस्ता तिला काचवाली म्हणायचा. काच म्हणायची आपली रीत. असतं ते जाड पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही बाजूंनी कागद चिकटवलेलं. कागद सोलून ती चादर भट्टीत टाकायची, ओल्या टॉवेलसारखी लुळी पडली की दोघांनी दोन टोकं धरून बाहेर काढायची, घोंगडी ताणून बसवलेल्या लाकडी साच्यावर घालायची आणि दोन्हीकडून सारखी खाली ओढायची. वेळ मिळतो तो शंभर आकडे मोजण्याइतका. तेवढ्यात चादर निवते, आणि एकदा निवली की देव खाली उतरला तरी तिचा बाक बदलत नाही.

म्हणून साच्यावर उभं राहिलं की बोलायचं नाही, असा नवऱ्याचा नियम होता. तिथे दोनच बोल चालायचे आणि तेही त्यानेच बोलायचे. 'अजून थोडं' आणि 'पुरे'. त्याने 'पुरे' म्हटल्याशिवाय समोरच्याने आपलं टोक सोडायचं नाही. हात भाजो, नाकावर माशी बसो, दारात गिऱ्हाईक ओरडो, सोडायचं नाही.

तो गेला तोही साच्यावरच. डावं टोक त्याच्या हातात, उजवं मुलाच्या. "अजून थोडं," म्हणाला आणि गप्प झाला. तो गप्प होणं म्हणजे रोज सकाळ होण्यासारखं. त्यात कुणाला काय वावगं वाटणार? साच्याला पोट टेकून, हातमोज्यांतली बोटं काठावर आवळून, मान खाली घालून तो उभा होता. मुलगा 'पुरे'ची वाट बघत ओढत राहिला. चादर निवली, दगड झाली, तरी पोरगा आपला टोक धरून उभा. ती चहा घेऊन आली तेव्हा दोघे तसेच होते, समोरासमोर, मधे ती काच. तिने एका नजरेत ओळखलं. नवऱ्याची बोटं सोडवायला दोन माणसांना जोर लावावा लागला.

काच वाकडी निघाली. उजवीकडून दोन बोटं जास्त खाली आलेली. तिने ती भंगारात टाकायला सांगितलं. मुलाने टाकली नाही; कडा तासून, पॉलिश करून, बापाच्याच जुन्या मोटरसायकलला बसवली. ती बघत राहिली आणि काही बोलली नाही. बोलायची संधी सहसा तिच्या हातून सुटत नसे. तेवढी एक सुटली, आणि तीच नडली.

आता आवाज ऐकू येतात म्हटल्यावर दुसरी कुणी बाई देवाला हात जोडती. हिने धंद्याच्या कानाने ऐकलं. काचेमागे माणसाला काय काय ऐकू येतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत? वारा काचेच्या वरच्या काठावरून उडी मारतो. काचेमागे पोकळी राहते, ती भरायला तो माघारी वळतो आणि चालवणाऱ्याच्या डोक्यावर येऊन थपडा मारतो. साठाच्या पुढे गाडी गेली की हेल्मेट नुसतं भोपळ्यासारखं हलायला लागतं. मग लोक येऊन काय वाट्टेल ते सांगतात. एकाला म्हणे कानाशी ताट बडवल्यासारखं व्हायचं. एकाला पाठीमागून सासऱ्याच्या हाका ऐकू यायच्या. त्याची काच तिने चार बोटं कापून नाकाच्या रेषेत आणली, हाका गेल्या. सासरा बिचारा घरी खाटेवर धडधाकट होता.

"गाडी घे इकडे," ती मुलाला म्हणाली. "तुझे बाबा कुठून बोलतात ते मी दाखवते."

शाळेत ती दुसरीच्या पुढे गेली नव्हती, पण वारा वाचायला शाळा लागत नाही, लोकर लागते. तिने लाल लोकरीचे वीतभर धागे तोडले आणि चिकटपट्टीने काचेच्या आतल्या बाजूला ओळीने डकवले. मुलाच्या हेल्मेटवर चार, खांद्यांवर दोन दोन. सून शेजारच्याची गाडी घेऊन बरोबरीने गेली. पाण्याच्या टाकीपासून ट्रकच्या वजनकाट्यापर्यंत सहा किलोमीटर सरळ रस्ता आहे. कारखान्यातली प्रत्येक काच तिथेच तपासली जायची. सून परत आली आणि म्हणाली, "आई, धागे नुसते वेड्यासारखे गरगरतायत. डोक्यावरचे तर पुढे काचेकडे वळतायत."

"वळणारच. काच खालून बंद आहे, वाऱ्याला आत यायला वाट नाही. वाट नसली की माणूस काय आणि वारा काय, डोक्यावरच चढून बसतो."

तिने स्वतः पाना हातात घेतला. काचेच्या खालच्या आधारांत रबराच्या जाड चकत्या घालून काच पुढे सरकवली, तळाला दोन बोटं फट ठेवली. आता वारा खालून आत येणार, पोकळी भरणार, वरून माघारी वळायचं त्याला कारणच उरणार नाही. चौतीस वर्षांत तिचा हा इलाज कधी फसला नव्हता, आणि याही वेळी फसला नाही. दुसऱ्या फेरीत सगळे धागे शहाण्या मुलांसारखे सरळ मागे पडले. मुलाचं हेल्मेट ऐंशीला तसूभरही हललं नाही. सून खूश होऊन सांगत आली.

मागून मुलगा आला. गाडी स्टँडला लावली, हेल्मेट काढलं आणि तसाच सीटवर बसून राहिला.

"थपडा गेल्या का?" तिने विचारलं.

"गेल्या."

"मग?"

"आई, मधे जो वाऱ्याचा गोंगाट होता ना, तो गेला." मुलाचा चेहरा घामाने ओला होता, पण सुखी माणसाचा दिसत होता. "आता ते एकदम स्पष्ट ऐकू येतात."

त्या क्षणी भट्टी पेटलेली होती, बाहेर भर दुपार होती, आणि तरी तिच्या दंडावर काटा आला. तिने तो पदराने झाकला. सुनेला दिसला असता तर आठवडाभर दिसत राहिला असता.

पुढचे दहा बारा दिवस ती फक्त बघत राहिली. मुलगा तयार काचा पोचवायच्या म्हणून निघायचा आणि तासाच्या कामाला तीन तास लावायचा. जेवायला बसला की घास हातात तसाच. एकदा सुनेने हाक मारली तर बोट वर करून म्हणाला, थांब, आणि कान देऊन बसला. पंखासुद्धा बंद होता.

मग एक दिवस गुरांचा डॉक्टर आला. गावोगाव मोटरसायकलवर हिंडणारा जाडजूड माणूस. गायीने शिंग मारून त्याच्या काचेला चीर पाडली होती.

"गायीला काय म्हणालात एवढं?" तिने विचारलं.

"काही नाही हो मावशी. सुई दाखवली फक्त."

ती माप घ्यायला लागली. त्याला गाडीवर बसवून नाकासमोर खडूची रेघ मारली. माप देताना हलायचं नसतं, पण डॉक्टर चुळबुळत होता. शेवटी मुलगा भट्टीकडे गेलेला बघून तो हळूच म्हणाला, "मावशी, एक सांगू का? रागावू नका. वजनकाट्याच्या पुढे वळण आहे बघा. कठडा नाही, खाली खदान. तुमचा मुलगा रोज त्या वळणावर येतो. मी तिकडच्याच गोठ्यात जातो ना, बघतो. पहिल्यांदा काट्याच्या अलीकडे ब्रेक मारायचा. मग काट्यापाशी. काल काट्याच्या पुढे दोनशे पावलांवर मारला. टायरचे काळे पट्टे आहेत रस्त्यावर, एकापुढे एक. माझी जनावरंसुद्धा तो आला की दोरी ताणून मागे सरतात."

"किती उरलाय रस्ता?"

"कालच्या पट्ट्यापासून? वीस पावलं असतील."

तिच्या हातातला खडू मोडला. तिने दुसरा घेतला आणि रेघ पुरी केली. काम अर्धं टाकायची तिची सवय नव्हती.

डॉक्टर गेल्यावर तिने मुलाला समोर बसवलं. सून दाराशी उभी राहिली.

"किती पळवतोस?"

"ऐंशीला ते बोलायला लागतात," मुलगा म्हणाला. लपवलं त्याने काहीच नाही; आईशी खोटं बोलून या घरात आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं. "अजून थोडं, म्हणतात. मी वाढवतो. नव्वदला परत म्हणतात. शंभरला परत. त्याच्या पुढे कधी ना कधी ते पुरे म्हणणार, आई. म्हणायलाच हवं. तेवढं ऐकलं की मी सोडेन."

"मी म्हणते पुरे. झालं?"

"तू साच्यावर नव्हतीस."

"तुला जन्माला घालताना मीच होते. तेव्हा कुणी विचारलं नाही साच्यावर कोण आहे ते."

"त्या दिवशी ते मेले होते आणि मी ओढतच होतो," मुलगा म्हणाला. आवाज चढला नाही, उलट उतरला. "त्यांच्या तोंडाकडे बघत होतो मी. ते म्हणाले नाहीत म्हणून सोडलं नाही. आता मधेच सोडू?"

तिने त्याच दिवशी गाडीची किल्ली काढून धान्याच्या डब्यात घातली. दोन दिवस मुलगा कुठे गेला नाही. दोन दिवस तो थंड साच्यासमोर आपल्या उजव्या बाजूला उभा राहिला, दोन्ही हात पुढे, बोटं वळलेली, हातात काही नाही. सून जेवण घेऊन गेली तर मानेनेच नको म्हणाला. हात मोकळे नव्हते ना.

"आई, ती काच फोडून टाकू या," सून तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली. रडून तिचे डोळे सुजले होते. "मी फोडते. घण द्या मला."

"फोडशील. आणि मग हा जन्मभर असाच उभा राहील, फुटक्या काचेचं टोक धरून. त्याला खायला कोण घालणार? मी किती वर्षांची सोबती?" तिने डब्यात हात घातला, किल्ली काढून पदराला पुसली. "माझं हेल्मेट कुठाय बघ."

"तुम्ही कुठे निघालात?"

"नवऱ्याला भेटायला. रोज पोराला भेटतात, आज माझी पाळी."

मुलगा आधी नाही म्हणाला. मग किल्ली बघितली आणि गाडीवर बसला. ती मागे चढली. गुडघा कटकन वाजला, तिने गुडघ्याला एक शिवी दिली. या मागच्या सीटवर ती शेकडो वेळा बसली होती, काच तपासताना धागे बघायला. नवरा चालवायचा आणि ती त्याच्या खांद्यावरून पुढे डोकावून सांगायची. आता पुढे मुलाची पाठ होती. काचेच्या आत लाल धागे अजून तसेच चिकटलेले होते, कुणी काढले नव्हते.

टाकी मागे पडली. रस्ता मोकळा होता, दोन्हीकडे कापलेली शेतं, आभाळ पांढरं. पन्नास. साठ. धागे सरळ मागे पडले. तिचं काम चोख होतं. काचेमागे वारा असा शांत होता की मुलाच्या शर्टाची कॉलर फडफडत नव्हती. सत्तर. हे तर रिकामं घर आहे, तिला वाटलं, कुणी राहत नाही इथे. आणि वाटलं तेव्हा जरा वाईटही वाटलं.

ऐंशीला तो बोलला.

कानाने ऐकल्यासारखं नव्हतं ते. दात आवळून, दातांत पेन्सिल धरून बोलायची त्याची जी तऱ्हा होती, ती काचेतून निघाली, मुलाच्या पाठीतून आली आणि तिच्या छातीच्या हाडाला लागली.

अजून थोडं.

तिने मुलाची कंबर गच्च धरली. घरून निघताना तिने चार चांगली वाक्यं तयार ठेवली होती. एकही आठवेना. पाच महिने तिने हा आवाज ऐकला नव्हता, आणि त्याआधी चौतीस वर्षं ऐकूनही न ऐकल्यासारखा केला होता. मुलाने मूठ पिळली. नव्वद.

अजून थोडं.

जवळून आला. थकलेला होता. नवरा इतका थकलेला तिने कधी पाहिला नव्हता. तो थकलाय हे तो सांगायचा नाही आणि ती विचारायची नाही. तिला वाटलं, आणखी जरा जवळ गेलं तर नीट कळेल, काय हवंय या माणसाला. आणखी जरासं. ती मुलाच्या खांद्यावरून पुढे वाकली आणि बोलली.

"अजून थोडं."

हे तिच्या तोंडून आलं होतं. मुलाने ऐकलं आणि गाडी शंभरच्या पुढे काढली.

स्वतःचेच शब्द कानावर आले तशी ती हादरली. वजनकाट्याचा पिवळा खांब दिसायला लागला होता. पलीकडे रस्ता डावीकडे वळून नाहीसा होत होता आणि जिथे नाहीसा होत होता तिथे नुसतं पांढरं आभाळ होतं. तिने काचेकडे पाहिलं. तिला वारा वाचता येत होता, दुसरं काही येत नव्हतं, म्हणून तिने धागे वाचले.

सगळे सरळ मागे वाहत होते. फक्त डाव्या काठापाशी पाच धागे वाहत नव्हते. ते काचेला सपाट चिकटले होते, कुणीतरी आतून दाबून धरावेत तसे. चार एका ओळीत, जवळजवळ. पाचवा जरा खाली, तिरका.

चार बोटं आणि अंगठा. बोटं इतकी आवळलेली की धाग्यांखालची काच पांढरी पडल्यासारखी दिसत होती.

मग तिला सगळं लख्ख कळलं. हा माणूस पोराला बोलावत नव्हता. पोराला मारायला उठलेला नव्हता. हा तिथेच उभा होता, साच्यावर. याच्या हातात गरम चादर होती आणि समोरून ओढ येत होती, रोज येत होती, आज तर जास्तच. म्हणजे काम चालू आहे, असंच तो धरून चालला होता. समोरचा ओढतोय, आपण कसं सोडायचं? आणि समोरचा म्हणत होता, ते म्हणाले नाहीत, मी कसं सोडू? दोघेही एकाच साच्यातून निघालेले. कोण कुणाला सांगणार?

"टोक सोड," ती मुलाच्या कानाशी म्हणाली.

मुलाने मान हलवली. नाही.

"तुझं टोक सोड. ते ओढतात म्हणून तू धरलंयस आणि तू ओढतोस म्हणून त्यांनी धरलंय. त्यांच्या टोकाचं मी बघते. मी बघते म्हणते ना? आजवर या घरात कुठली गोष्ट मी बघते म्हटलं आणि बघितली नाही?"

वजनकाटा सर्रकन मागे गेला. खाली रस्त्यावर काळे पट्टे यायला लागले, पहिला, दुसरा, तिसरा. तिने मुलाच्या पाठीवर आपलं हेल्मेट टेकवलं, हात पुढे नेले आणि त्याच्या दोन्ही मनगटांवर ठेवले. ओढली नाहीत मनगटं, नुसते हात ठेवले. गरम चादर धरलेल्या माणसाला कधी हिसडा द्यायचा नसतो.

मुलाच्या मनगटातली शीर तिच्या बोटांखाली थडथडत होती. मग मनगटं सैल झाली.

गाडीचा जोर एकदम गेला. मुलाने ब्रेक मारला, मागचं चाक घसरलं, पुन्हा सरळ झालं. शेवटचा पट्टाही मागे पडला आणि त्याच्या पुढे नऊ दहा पावलांवर गाडी थांबली. समोर थोडी खडी होती, थोडं वाळलेलं गवत होतं, आणि मग काही नव्हतं.

मुलगा उतरला. गाडी स्टँडला लावायची शुद्ध त्याला होती हे विशेष. रस्त्याच्या कडेला जाऊन बसला आणि आपले दोन्ही तळवे उघडून त्यांच्याकडे बघायला लागला. बोटं सरळ होत नव्हती. एकेक बोट तो दुसऱ्या हाताने उलगडत होता. उलगडता उलगडता रडायला लागला, लहानपणी पडल्यावर रडायचा तसा, आधी श्वास आत ओढून आणि मग मोठ्याने. बापाच्या तेराव्यालासुद्धा तो रडला नव्हता.

ती त्याच्याजवळ गेली नाही. त्याचं काम सुरू झालं होतं, त्यात लुडबुड नको. तिने हेल्मेट काढून सीटवर ठेवलं, केस सारखे केले आणि गाडीच्या पुढे येऊन उभी राहिली.

इंजिन बंद होतं. गवताचं पातं हलत नव्हतं. दूर गोठ्यातली जनावरं दोऱ्या ताणून, सगळी तोंडं इकडे करून उभी होती. काचेवरचे धागे वारा नसल्यावर लोंबायला हवेत तसे खाली लोंबत होते. डाव्या काठाचे पाच लोंबत नव्हते. ते अजून चिकटलेले होते.

"अहो," ती म्हणाली.

चार धाग्यांमधला एक थरथरला.

"तुम्ही गेलात. पाच महिने झाले त्याला. मंगळवार होता, सकाळची साडेदहाची वेळ. मी चहा घेऊन आले होते. तुम्हाला कुणी सांगितलं नाही म्हणून मी सांगते. तुम्हाला सगळ्या गोष्टी शेवटी मीच सांगत आले, तर हीसुद्धा मीच."

पहिला धागा सुटून लोंबला.

"चादर केव्हाच निवली. हात लावून बघा. उजवीकडून दोन बोटं जास्त आली, वाकडी झाली. त्याची चूक नाही ती. तो तुमचा नियम पाळत उभा होता. चूक तुमची, पुरे म्हणायचं राहिलं तुमच्याकडून. पण छातीत कळ आल्यावर कुणाला सुचतं, म्हणून ती मी पोटात घातली. त्या काचेचं मी काय ते करीन. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही ती."

दुसरा सुटला. तिसरा. जरा थांबून चौथा. अंगठ्याचा तिरका धागा तेवढा राहिला. मागे मुलाचं रडणं आता हळू झालं होतं आणि तो इकडे बघत होता हे तिला न वळताही कळत होतं. तिने आपला हात उचलला आणि काचेच्या बाहेरून, बरोबर त्या धाग्यावर, अंगठा टेकवला. काच थंड होती. उन्हात उभी होती तरी थंड होती.

"आणि माझ्याशी बोलला नाहीत," ती म्हणाली, "त्याचा राग आहे मला, तो राहणार. पोराच्या जिवावर बेतलं होतं, त्याचाही आहे. पण तुम्ही कुणाचं वाईट करायला उभे नव्हतात, हे मी या डोळ्यांनी वाचलंय आणि विचारेल त्याला सांगेन. घुमे होतात, हट्टी होतात, पण चांगले होतात तुम्ही. आता सोडा."

तिच्या अंगठ्याखालचा तिरका धागा सुटला आणि बाकीच्या चारांसारखा लोंबला.